भरावावरची खोली

“त्या खोलीत नाही!”

आईचा आवाज इतका चिरका निघाला, की खांद्यावर गादीची वळकटी घेऊन मागच्या खोलीकडे निघालेला मुलगा उंबऱ्यातच थबकला, बाहुली कवटाळून त्याच्यामागून येणारी त्याची चिमुरडी पोर त्याच्या पायांवर आपटली आणि दारातून शेवटची पेटी आत ओढणारी सून होती तशी वाकलेलीच राहिली. आत्ताच तर या तिघांना दारात बघून आईनं आनंदानं रडून घेतलं होतं! दोन वर्षांनी लेक घरी आला होता, आणि तोही चार दिवसांचा पाहुणा म्हणून नव्हे, तर “इथं राहून बघू, जमलं तर जमलं” असं म्हणत.

“का गं आई? माझीच खोली ना ती?” मुलानं विचारलं.

“तुझीच रे बाबा... पण तिथं ओल आलीय. पोरीला सर्दी होईल. तुम्ही सगळे पुढं झोपा, इथं वारा कसा छान येतो! मी झोपते तिकडं.”

“म्हणजे पोरीला बाधणारी ओल तुला बाधत नाही होय?”

“माझी हाडं मुरलेली आहेत. त्यांना काय होतंय!”

मुलगा हसला आणि गादी घेऊन आत गेला. हट्टाच्या बाबतीत तो आईवरच गेला होता. आई मात्र बोटं पिळत तिथंच उभी राहिली, आणि भिंतीला टेकून ठेवलेल्या त्या मोठ्या लाकडी कपाटाला त्याचा धक्का तर लागणार नाही ना, म्हणून तिनं श्वास रोखून धरला.

ओल! खोलीत ओल असती तर किती बरं झालं असतं! ओल उन्हानं वाळते, चुना मारला की झाकते. त्या कपाटामागं ओल नव्हती, भेग होती. छतापासून निघून, दोनतीन वळणं घेत जमिनीपर्यंत आलेली भेग.

आईला सारी गल्ली गवंडीणकाकू म्हणे, कारण तिचा नवरा गवंडी होता. नुसता गवंडी नव्हे; त्याच्या हाताखाली भिंत अशी उभी राही, की ती सरळ आहे का हे बघायला लोक ओळंबा लावायच्या आधीच पैज हरायचे. आयुष्यभर त्यानं दुसऱ्यांची घरं बांधली आणि सुट्टीच्या दिवशी, इकडून तिकडून उरलेल्या विटा आणून, हे आपलं घर बांधलं. बांधलं ते बायकोसाठी. तिचं बालपण भाड्याच्या खोल्यांत गेलं होतं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तसं. मालकानं ‘जागा पाहिजे’ म्हटलं, की तिची आई भांडी गोणीत भरायला लागे, वडील कुणाचा तरी हातगाडा मागून आणत, आणि ही पोर शाळेतून येऊन बघते तो दाराला कुलूप! एकदा तर आपले लोक कुठल्या गल्लीत गेले तेच तिला कळलं नव्हतं. अंधार पडेपर्यंत ती त्या कुलपापाशी रडत बसली होती. ती भीती तिच्या काळजात जी बसली, ती लग्न झालं, घर झालं, केस पांढरे झाले, तरी उठली नव्हती.

आणि तिच्याच पोटी जन्मलेल्या पोराच्या पायाला भिंगरी! तो पवनचक्क्या उभारायच्या कामावर होता. आज या डोंगरावर, उद्या त्या समुद्रकाठी; काम संपलं की बायकोपोरीला आणि चार पेट्यांना घेऊन पुढं. सून संगणकावरून मुलांना शिकवायची, तिला काय, कुठंही टेबल मांडलं की शाळा सुरू. नातीचं नाव काही का असेना, आजीनं तिला भिंगरीच म्हणायला सुरुवात केली होती, आणि त्या म्हणण्यात लाड अर्धा आणि राग अर्धा होता.

“घर घे रे, स्वतःचं चार भिंतींचं घे,” असं आई म्हणाली, की मुलाचं उत्तर ठरलेलं असे, “चार भिंती म्हणजे पायातली बेडी.” दोन वर्षांपूर्वी बाप गेला, तेव्हा तर तो याहून भयंकर बोलून गेला होता. “सगळ्या पोरांचे बाप सुट्टीच्या दिवशी त्यांना फिरायला न्यायचे. माझा बाप विटा रचायचा! त्याला माझ्यापेक्षा हे घर प्यारं होतं, आणि तुलाही तेच आहे. त्याला या घरानं खाल्लं, आई!”  खरं काय ते तिला माहीत होतं, आणि जे माहीत होतं ते सांगायचं नव्हतं.

आता तो परत आला होता. आणि मागच्या मोकळ्या जागेत, कुणाच्या तरी टोलेजंग इमारतीसाठी, यंत्रं रोज खोल खड्डा खणत होती. धप्... धप्... त्या प्रत्येक आवाजाबरोबर आईची नजर मागच्या खोलीकडं जाई!

रोज सकाळी मुलगा बाहेर गेला आणि सून शिकवायला बसली, की आई केर काढायच्या निमित्तानं मागच्या खोलीत जाई, कपाट आणि भिंत यांच्या फटीत तोंड घालून बघे. तिथं भेगेवर आडवी एक काचेची बारीक पट्टी पांढऱ्या सिमेंटनं चिकटवलेली होती. ही तिच्या नवऱ्याची शिकवण. तो म्हणायचा, “भेग दिसली म्हणून घाबरू नको. भेग जुनी आहे की जिवंत आहे, ते काच सांगते. काच शाबूत तर भिंत जागेवर. काच तडकली, की समज भिंत सरकतेय... मग सामान बघू नको, माणसं बाहेर काढ.” त्याच्या हयातीत काच कधी तडकली नव्हती. तो गेल्यावरही तिनं ती जपली होती. काच शाबूत दिसली, की तिचा जीव भांड्यात पडे, आणि दुसऱ्या धक्क्याला पुन्हा बाहेर येई.

मग सांगत का नव्हती ती? अहो, सांगितलं तर पेट्या पुन्हा बांधल्या गेल्या असत्या ना! इतक्या वर्षांनी घरात पोरीचं हसू ऐकू येत होतं, ते भेगेच्या एका शब्दानं उठून गेलं असतं. आणि दुसरं एक कारण होतं, त्याहून खोल. पण ते ती स्वतःशीसुद्धा उच्चारत नसे.

म्हणून तिनं युक्त्या चालवल्या. आज त्या खोलीत उंदीर आहे, उद्या पाल आहे, परवा तिथं डास फार. एक खोटं झाकायला दहा खोटी! मुलानं पिंजरा आणून लावला. उंदीर बिचारा असता तर सापडला असता. दुपारी भिंगरी मागं झोपली, की आई तिला उचलून पुढं आपल्या मांडीवर घेऊन बसे. सून शिकवणं संपवून येते तो पोर जागेवर नाही! पहिल्यांदा ती हसली, दुसऱ्यांदा गप्प राहिली, मग मात्र म्हणालीच.

“आई, तिला तिथंच झोपू द्या ना. सारखं उचललं की ती चिडचिड करते. मी घरातच तर असते... तिला माझ्यापासून ओढल्यासारखं का करता?”

“मी ओढते? अगं, आजी आहे मी तिची!”

“म्हणून तर बोलतेय. परक्या बाईला मी काही बोलले नसते.”

सून वाईट नव्हती. तिचं चुकतही नव्हतं! आईनं तो घोट मुकाट्यानं गिळला, आणि दुसऱ्या दुपारी पोरीला पुन्हा उचललं.

मग एक दिवस मुलगा म्हणाला, “खोलीचं दार अडकतंय. फुगलेलं दिसतंय.” आणि कुठूनसा रंधा आणून, बाप करायचा तसा पेन्सिल कानाला अडकवून, शीळ घालत दार तासायला बसला. लाकडाचे भुरके वळसे जमिनीवर पडत होते, भिंगरी ते गोळा करून कानात डूल म्हणून घालत होती, आणि आई चुलीपुढं उभी राहून रंध्याची प्रत्येक खरखर ऐकत होती. दार फुगलं नव्हतं! पोरा, दार फुगलं नाही रे... चौकट कलली! ओठांपर्यंत आलेले ते शब्द तिनं दातांखाली दाबून धरले. दार सुरेख लागायला लागलं. “बघ, अजून हात चालतो,” मुलगा म्हणाला, आणि आईनं मान हलवून कौतुक केलं. त्या वेळी तिच्या अंतःकरणाची काय दशा झाली असेल!

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं फटीत पाहिलं. काच मधोमध तडकली होती.

 नवऱ्याच्या जुन्या डब्यातलं सिमेंट कालवून तिनं दुसरी पट्टी लावली. कदाचित कपाटाचा धक्का लागला असेल... कदाचित पोरीनं चेंडू मारला असेल... माणूस स्वतःला किती फसवतं! दुपारी जेवणाआधी ती पुन्हा गेली. नव्या काचेचे दोन तुकडे झाले होते आणि भेगेत तिचं करंगळीचं टोक जात होतं. बाहेर यंत्र धप् धप् करत होतं.  आज... आजच सांगायचं. काय व्हायचं ते होवो!

आणि नेमकं त्याच दिवशी, पानावर बसल्या बसल्या, मुलगा म्हणाला, “आई, तू जिंकलीस.”

“काय रे?”

“इथल्या ऑफिसात कायमची जागा आहे. टेबलाची नोकरी. मी हो म्हणालोय, सोमवारी सही करणार. आता डोंगर नाहीत, समुद्र नाही. त्या खोलीत पोरीला तिचा वेगळा पलंग करू, मागं एक खिडकी पाडू... तुझ्या मनासारखं!” तो हसत होता, पण डोळ्यांत हसू नव्हतं. उंच वाऱ्यावर काम करणाऱ्या माणसानं टेबल पत्करलं होतं, आईसाठी! सून मान खाली घालून पोरीला भरवत होती. तिनंही काहीतरी गिळलेलं दिसत होतं.

ज्या शब्दांसाठी आईचे कान आयुष्यभर आसुसले होते, ते शब्द असे आले! मागं खिडकी पाडायची... त्या भिंतीत!  खरं सांगावं तर हा विचारणार, ‘भिंत का फाटली? बाबांनी बांधलेली भिंत फाटेलच कशी?’ मग ते सगळं सांगावं लागेल. शिवाय हा मागं थोडाच हटेल? ‘टेकू लावू, दुरुस्त करू’ म्हणून त्याच खोलीत शिरेल. तो तिचाच मुलगा होता! नाही... त्याला इथून घालवायचं, आजच्या आज, आणि असं घालवायचं की तो मागं वळून बघणार नाही. काळजावर दगड ठेवून ती बोलली.

“तुला कुणी सांगितलं होतं नोकरी बदलायला? मला विचारलंस?”

“आई...”

“मला नको आहे इथं गजबज. दोन वर्षं मी एकटी सुखानं राहिले. तुम्ही आल्यापासून घराची रया गेली. घर माझं आहे, मला त्यात कुणी नको! आजच निघा.”

मुलाच्या हातातला घास खाली पडला. “म्हणजे मी तेव्हा बोललो ते खोटं नव्हतं,” तो अगदी हळू म्हणाला. “घरच तुझं. आम्ही नाही.”

“हो! घरच माझं!”

तासाभरात पेट्या बांधून झाल्या. त्या कामात तिघंही तरबेज. खोलीतलं सगळं सामान आईनंच भराभर बाहेर आणून फेकलं, त्यांना आत जाऊच दिलं नाही. निघताना भिंगरीनं बाहुलीसाठी भोकाड पसरलं. बाहुली आत पलंगाखाली राहिली होती. पोर आत पळणार, तोच आई तिला मागं ढकलून स्वतः धावली, बाहुली घेऊन धापा टाकत आली, आणि ती तिच्या हातात कोंबून तोंड फिरवून उभी राहिली.

सून दारात रेंगाळली. “आई, माझं काही चुकलं का? मी पोरीवरून बोलले म्हणून...”

‘तुझं काही चुकलं नाही गं माझे बाई!’ आईचं काळीज आक्रंदत होतं. “उशीर करू नका, गाडी चुकेल,” ती म्हणाली.

ते गेले. ऊन भिंतीवरून उतरायला लागलं. मागची यंत्रं थांबली नव्हती. आई मागच्या खोलीत गेली आणि रिकाम्या पलंगावर बसली. बाहेर जायला हवं हे तिला कळत होतं. पण बाहेर म्हणजे कुठं? या दाराबाहेर तिचं जगात काही नव्हतं. होते ते तिनंच हाकलून दिले होते. आता पुन्हा कुणाच्या दारात गोणी घेऊन उभं राहायचं? त्या विचारानंच ती जागची उठेना. भिंतीत काहीतरी कुरकुरलं. वरून चुन्याची पूड तिच्या केसांत पडली.

“आता तुमचं आणि माझंच काय ते,” ती नवऱ्याला उद्देशून म्हणाली. “कुणाला कळणार नाही हो तुमचं...”

“काय कळणार नाही?”

तिनं दचकून वर पाहिलं. दारात मुलगा उभा होता, धावत आल्यासारखा घामाघूम; त्याच्या मागं अंगणात पोरीला कडेवर घेतलेली सून.

“तू... तू का आलास? जा! आत येऊ नको!”

“हिनं गाडीतून उतरवलं मला. म्हणाली, जिला आपण नकोसे झालोत, ती बाई बाहुलीसाठी जळत्या घरात शिरल्यासारखी का धावली? पोरीला सारखी त्या खोलीतून का उचलत होती? रोज कपाटापाशी पांढरी पूड का पडते?” तो बोलता बोलता कपाटापाशी गेला, खांदा लावून त्यानं ते सरकवलं. भेगेवर काचेचे तुकडे लटकत होते. “आणि मी मूर्ख दार तासत बसलो! आई, का सांगितलं नाहीस?”

“बाहेर जा रे राजा, पाया पडते तुझ्या!”

“तू आल्याशिवाय नाही. बोल!”

मग बांध फुटला. “ही खोली भरावावर आहे... इथं मोठा खड्डा होता, तो माती टाकून बुजवला. हे म्हणाले, भराव एक पावसाळा बसू दे, मग पाया घालू. जगाला हेच सांगायचे ते! पण तू पोटात होतास. मी हट्ट धरला, मूल थांबेल का तुमच्या भरावासाठी? माझ्या बाळाला स्वतःची खोली पाहिजे, आत्ता पाहिजे! मी रडले, जेवले नाही... आणि जन्मात कधी चुकीची वीट न लावलेल्या माणसानं माझ्यासाठी घाईनं पाया घातला. त्यानंतर दर सुट्टीला ते काय करत होते ठाऊक आहे? तुला सोडून विटा रचत नव्हते रे... ही भिंत सावरत होते! तू आत झोपायचास, म्हणून!”

मुलानं भेगेवर हात ठेवला.

“चूक माझी होती. पण लोक नाव त्यांना ठेवतील. तूसुद्धा ठेवशील... म्हणून मी...”

“आई,” तो गुडघ्यांवर बसला, त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता, “मी त्यांच्याशी धड बोललोसुद्धा नाही गं शेवटी...” मग त्यानं डोळे पुसले. “ही खोली कुणासाठी बांधली?”

“तुझ्यासाठी.”

“मग मी सांगतो, मला नको. मला तू हवीस. ऊठ!”

त्यानं तिला अक्षरशः उचललं. ते अंगणात पोचतात न पोचतात, तोच मागून एक लांब, घोगरा आवाज आला आणि मागच्या खोलीचा कोपरा धुळीच्या ढगात खाली बसला. भिंगरी किंचाळली. सुनेनं पोरीला आणि सासूला एकदमच मिठी मारली, आणि आई तिच्या खांद्यावर डोकं टेकून, आयुष्यात पहिल्यांदाच कुणाची लाज न धरता, हुंदके देऊन रडली.

मागचं खणणं थांबवण्यात आलं. जाणकार येऊन बघून गेले. पुढचा भाग जुन्या, घट्ट जमिनीवर होता. त्याला काही झालेलं नव्हतं. पाडापाडी उरकल्यावर अंगणात चहा पिताना मुलगा म्हणाला, “ऑफिसवाल्यांनी जागा अजून ठेवलीय माझ्यासाठी. उद्या सही करून टाकतो. पुढच्या खोलीत मावू आपण चौघं.”

“सही करू नको,” आई म्हणाली.

“आता काय झालं?”

“टेबलापाशी बसलास तर तूही माझ्यासाठी घाईनं घातलेला पाया होशील. एकदा तो गुन्हा केला, पुन्हा नाही.” तिनं कप खाली ठेवला. “घराला कुलूप लावू. ते कुठं पळून जातंय? जाणारी ती माणसं. त्यांच्याबरोबर जायला हवं. मला नेशील ना रे... तुझ्या डोंगरावर?”

 मुलानं नुसती मान हलवली, आणि चहा गार होईपर्यंत हलवतच राहिला.

गाडी सुटली तेव्हा आई खिडकीशी होती. समोर बापाच्या मांडीवर भिंगरी केव्हाच झोपली होती. ओळखीची गल्ली गेली, ओळखीची दुकानं गेली, मग एकही ओळखीची गोष्ट उरली नाही. आईनं गार पडलेल्या मुठी आवळल्या. शेवटी ती सुनेच्या कानाशी वाकून, मुलाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, “मला फार भीती वाटतेय गं. हसू नको.”

सून हसली नाही.  “मलापण वाटते, आई,” ती म्हणाली. “प्रत्येक वेळी. यांना कधी सांगितलं नाही.”

“प्रत्येक वेळी?”

“प्रत्येक वेळी.”

आईनं तिचा हात आपल्या हातात घेतला. तोही गारच होता.